मित्राचं सुतक कोणी पाळायचं?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या टपालात सहा पत्रं एकाच विषयाची निघाली. चांगला हिंडताफिरता मित्र किंवा मैत्रीण अचानक गेली आणि मागे राहिलेल्याला रडायला जागा सापडेना. सहाही पत्रं इंदूरची आहेत, म्हणून उत्तरांतही इथल्याच रीतीभाती आल्या आहेत. मनाच्या प्रश्नांना समुपदेशकांनी उत्तरं दिली आहेत आणि कागदपत्रांच्या प्रश्नांना बँक, विमा आणि वकिलीतल्या जाणकारांनी.

प्रश्न : माझी पंचवीस वर्षांपासूनची मैत्रीण मेंदूत रक्तस्राव होऊन एका रात्रीत गेली. सासूबाई म्हणतात, "नात्यातली तर नव्हती ना, किती दिवस तोंड पाडून बसणार?" ऑफिसात रजा मागितली तर विचारलं, "रिलेशन क्या है?" उठावण्याला, म्हणजे शोकसभेला, मी अगदी मागच्या रांगेत बसले. आता मलाच वाटायला लागलंय, की आपण जरा जास्तच करतोय का? — लोकमान्य नगर

सासूबाईंचं शास्त्र बरोबर आहे, पण त्यांनी त्यातून काढलेला अर्थ चुकला. सुतक भाऊबंदकीवर ठरतं, जिव्हाळ्यावर नाही. लग्नाकार्यात दोनदा पाहिलेल्या चुलत काकांचं दहा दिवस धरायचं आणि जिच्याशी रोज बोलायचो तिचं शून्य, असा तो हिशेब आहे. मैत्रिणीसाठी फार तर स्मशानातून आल्यावर आंघोळ.

सुतकात घरच्यांना दोन गोष्टी मिळतात. दहा दिवस कोणी तुमच्याकडून कामाची अपेक्षा धरत नाही, देवपूजासुद्धा दुसऱ्याने करायची असते. आणि ते कधी संपणार हे ठरलेलं असतं. दहावा, अकरावा, तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, की माणूस हळूहळू कामाला लागतो. मैत्रिणीला यातली सवलत मिळत नाही आणि शेवटही मिळत नाही. तुमचं दुःख जास्त नाही. त्याला तारखा नाहीत, एवढंच.

मग तारखा आपणच ठरवायच्या. आजपासून तेरा दिवस धरा. रोज एकाच वेळी, एकाच जागी वीस मिनिटं बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तिचे फोटो, तिने दिलेली एखादी वस्तू, मनात असेल तर निरांजन. रडू आलं तर रडा, नाही आलं तर नुसतं बसा. वीस मिनिटं झाली की उठा आणि लगेच हाताला काम लावा, भाजी निवडली तरी चालेल. बहुतेकांचं इथेच चुकतं. दिवसभर रडू दाबून ठेवतात, रात्री अकराला तिचं प्रोफाइल उघडतात आणि दोनपर्यंत स्क्रोल करत बसतात. त्याने दुःख हलकं होत नाही, झोप मात्र जाते. तेराव्या दिवशी तिच्या दोघी-तिघी मैत्रिणींना बोलावून तिच्या आवडीचं काहीतरी करा.

घरात पितृपक्ष पाळत असाल तर आणखी एक सांगायचं आहे. महालयाच्या तर्पणात ज्यांची नावं घेतात त्या यादीत आईवडील, आजेपणजे, मामा-मावश्या होऊन शेवटी गुरू, शिष्य आणि आप्त येतात. या आप्तांत स्नेह्यांची नावंही घेतात. गुरुजींना आधी सांगून ठेवा. तिचं गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात. म्हणजे ज्या शास्त्राने सुतकात जागा दिली नाही, त्याच शास्त्राने भाद्रपदात ओंजळभर पाणी ठेवलेलं आहे. सासूबाईंना हे सांगून पाहा, वाद न घालता.

रजेचं म्हणाल तर नातं सिद्ध करायच्या भानगडीत पडू नका. सरळ दोन दिवस सीएल (नैमित्तिक रजा) टाका, कारण "घरगुती".

आणि मागच्या रांगेतून पुढे या. महिनाभराने, घरातली गर्दी ओसरली की तिच्या आईकडे जा. आठ-दहा फोटो छापून न्या, शक्यतो घरच्यांनी कधी न पाहिलेले, कॉलेजचे, सहलीचे. मागे बॉलपेनने साल आणि ठिकाण लिहा. "मला बघून त्यांना रडू येईल" म्हणून बरेच जण पाय मागे घेतात. रडू तर येईलच. त्या आईला लेकीबद्दल काहीतरी नवं ऐकायला मिळेल, ते तुमच्याखेरीज दुसरं कोण सांगणार?

प्रश्न : आम्ही चार मित्र शनिवारी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत होतो. त्यातला एक म्हणाला, छातीत जळजळ होतेय. मी म्हणालो, "गराडू जास्त हाणलेस, सोडा पी." रविवारी पहाटे तो गेला. वय 43. तीन आठवडे झाले, मी रात्री दोनला उठून बसतो. आता माझ्याही छातीत दुखतं. — सुदामा नगर

आधी छातीचं. हे दुःखामुळेच असेल असं आम्ही पत्रावरून म्हणणार नाही. याच आठवड्यात फिजिशियनकडे जाऊन ईसीजी, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड तपासा, आणि मित्राचं काय झालं तेही सांगा. सगळं ठीक निघालं तर विषय तिथेच संपवा. बरोबरीचा मित्र गेला की उरलेल्या टोळक्यात दर पंधरा दिवसांनी ईसीजी काढायची साथ येते. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टचा धीर चार दिवस टिकतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा धडधड सुरू होते.

आता सोड्याचं. हृदयाच्या आणि अन्ननलिकेच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच पातळीवर शिरतात, त्यामुळे कळ नेमकी कुठून आली हे मेंदूलाही नीट उमगत नाही. म्हणून हृदयविकार कधी कधी निव्वळ ॲसिडिटीसारखा वाटतो. दवाखान्यात पहिला ईसीजी साधा निघाला तरी काही वेळाने पुन्हा काढतात, हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी करतात, ती याचसाठी. जे ओळखायला डॉक्टरांना यंत्र लागतं, ते तुम्ही हातात दोना धरून ओळखायला हवं होतं, असं तुम्ही स्वतःला तीन आठवडे सांगताय.

हे वाचून पटेल, पण रात्री दोनला पुन्हा विसराल. म्हणून कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे त्या रात्री साडेदहाला तुम्हाला जे ठाऊक होतं तेवढंच लिहा: जळजळ म्हणाला, तळलेलं खाल्लं होतं, घाम नव्हता, हसत होता, स्वतः गाडी चालवत घरी गेला. उजवीकडे नंतर कळलेलं लिहा: वडिलांना हाच आजार होता, गोळ्या सोडल्या होत्या, जे काही असेल ते. अपराधी वाटायला लावणारं जवळजवळ सगळं उजवीकडे जमा झालेलं दिसेल. एखादी गोष्ट डावीकडेही निघेल, ती खोडू नका. ती मित्राच्या बायकोपुढे नव्हे, तर तटस्थ माणसाजवळ बोलून टाका. तिच्याकडे माफी मागायला गेलात तर तिलाच तुमची समजूत घालावी लागेल.

पुढे कधी कोणाच्या बाबतीत प्रसंग आलाच तर: छातीवर पंधरा मिनिटांहून जास्त दाब, सोबत घाम, जबड्यात किंवा हातात कळ, दम लागणं, यांपैकी काही असेल तर सोडा नाही, ओवा नाही, आणि त्याला स्कूटरवर मागे बसवूनही न्यायचं नाही. 108 लावायचा आणि ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या दवाखान्यात जायचं.

झोपेसाठी तीन सूचना. दुपारी चारनंतर चहा नाही. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत बसा. आणि घरातल्या कोणाच्या तरी पाकिटातली झोपेची गोळी घेऊ नका, तिची सवय फार लवकर लागते. "त्याच्या नावाने" म्हणून बसणाऱ्या बैठकीही कमी करा. दारूने डोळा लवकर लागतो, पण दोनला जाग आणते तीच.

किती दिवस चालेल? पहिले दोन-तीन महिने लाटा येत राहतात, मग त्यांच्यातलं अंतर वाढतं. मध्येच एखाद्या दिवशी तळच लागतो. रंगपंचमीची गेर (मिरवणूक) आली आणि चौघांतले तिघेच राजवाड्यावर उभे आहात, असा तो दिवस असतो. त्याला घसरण समजू नका. मात्र सहा महिने उलटूनही रोजचं काम होत नसेल, किंवा त्याआधीच मरणाचे विचार येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

प्रश्न : मित्र रस्त्यावरच्या अपघातात गेला. वहिनींनी आजवर बँकेचं तोंड पाहिलेलं नाही, मुलं लहान आहेत. "काही लागलं तर सांगा" म्हणून आलो, त्यांनी काहीच सांगितलं नाही. नेमकं काय करायचं? — तिलक नगर

त्या सांगणार नाहीतच. काय लागतं हे त्यांना तरी कुठे ठाऊक आहे? "काही लागलं तर" हे वाक्य सोडून द्या आणि काम व वार ठरवून बोला: "मंगळवारी अकराला मी मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेच्या झोन ऑफिसला जातोय, आधारची झेरॉक्स काढून ठेवा." वहिनींच्या भावाला किंवा दिराला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. पैशाच्या कागदांत एकटा मित्र शिरला की चार महिन्यांनी कोणीतरी बोट दाखवतंच.

पहिल्या आठवड्यात मित्राचा फोन. तो चार्ज करून ठेवा, रिचार्ज चालू ठेवा, सिम बंद करू नका आणि फोन पुसून मुलांना खेळायला देऊ नका. बँकेचे, विम्याचे, हप्त्यांचे मेसेज त्याच नंबरवर येतात. कुठे खातं आहे आणि कुठे पॉलिसी, याचा पहिला पत्ता बहुधा या मेसेजांतूनच लागतो. पण त्याच फोनवरून यूपीआयने पैसे वळते करू नका, एटीएम कार्डही वापरू नका. माणूस गेल्यावर त्याच्या एकट्याच्या नावाचं खातं घरच्यांनीसुद्धा असं चालवायचं नसतं. हेतू चांगला असला तरी पुढे वारसांच्या भांडणात तीच नोंद काढून दाखवतात. "दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो" असं संयुक्त खातं असेल तर वहिनी ते चालवू शकतात.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर दवाखाना कळवतो, तरी कळवलं का ते जाऊन विचारा. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क लागतं, त्यानंतर वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. मुक्तिधामाची (स्मशानाची) पावती सांभाळून ठेवा.

आता आपल्या मराठी लोकांचं नेहमीचं दुखणं. मध्य प्रदेशातल्या बऱ्याच कागदांवर नुसतं नाव आणि आडनाव असतं. आपल्याकडे कुठे मधे वडिलांचं नाव, कुठे नुसतं आद्याक्षर. आधारवर एक, बँकेत दुसरं, पॉलिसीवर तिसरं. वहिनींचं तर माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. मृत्यूचा दाखला छापून येण्याआधीच मसुद्यातलं स्पेलिंग आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. नंतर दुरुस्तीला महिने जातात आणि तोवर सगळे दावे अडकून पडतात. इतर कागदांवरचा फरक "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" अशा शपथपत्राने बहुतेक ठिकाणी निभावतो. मूळ प्रती पाच-सहा घ्या, झेरॉक्स पंधरा.

मग पासबुक घेऊन बसा. गेल्या वर्षभराची पानं काढा आणि मे-जूनच्या नोंदी बोट ठेवून वाचा. 436 रुपयांची वजावट दिसली तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, मृत्यू कशानेही झाला तरी दोन लाख. 20 रुपयांची दिसली तर सुरक्षा विमा योजना, अपघातात दोन लाख. दोन्ही असतील तर दोन्ही मिळतात. किती घरांत ही वीस रुपयांची ओळ कोणी वाचलेलीच नसते! दावा, पैसे कापणाऱ्या शाखेतच करायचा. डेबिट कार्डावरही अपघात विमा असू शकतो. त्याला मुदत असते आणि कार्ड अलीकडे वापरलेलं असावं अशी अटही असते, म्हणून त्याच फेरीत तेही विचारा. नोकरीत पीएफ कापला जात असेल तर पीएफ आणि विधवा पेन्शनशिवाय ईडीएलआय हा पीएफला जोडलेला विमाही असतो, जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत. कंपनीचे लोक तो आपण होऊन सांगतीलच असं नाही.

अपघात असल्याने एफआयआरची प्रत, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागेल. मोटार अपघात दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, त्यामुळे तेराव्यानंतरचा पहिला मोकळा दिवस वकिलाकडे जाण्यात घालवा. दारात येऊन "केस आमच्याकडे द्या" म्हणणाऱ्याला कोऱ्या वकालतनाम्यावर सही देऊ नका.

बँकेतला नॉमिनी पैसे घेतो, पण त्यावर हक्क वारसांचा असतो. नॉमिनी अजून मित्राची आईच असेल, लग्नानंतर बदललेला नसेल, तर हे दोघींसमोर शांतपणे एकदाच सांगा आणि बाजूला व्हा.

कागदांइतकंच डब्याचं. पहिले तेरा दिवस डबे येतातच, पिठलं-भात नको म्हणण्याइतके. चौदाव्या दिवशी एकही येत नाही. तुमची पाळी तिथून सुरू होते. आठवड्यातून दोन वार ठरवा. चौघांना दोन वाट्या तांदूळ आणि वाटीभर मूगडाळीची खिचडी आणि ताकाची बरणी पुरते. डबा असा द्या, जो परत करायला त्यांना यावं लागणार नाही.

आणि अस्थी घेऊन खेडीघाटला किंवा ओंकारेश्वरला जाणार असतील तर गाडी चालवायचं काम मागून घ्या. रात्रभर जागलेल्या भावाला घाटातून स्टिअरिंग धरू देऊ नका.

प्रश्न : गेलेल्या मित्राकडे माझे साठ हजार हातउसने आहेत. लिहिलेलं काही नाही, फोनपेची नोंद आहे. मागणं बरं दिसेल का? — रामबाग

तेराव्याच्या आत तोंड उघडू नका. त्यानंतर घरातल्या कर्त्या माणसाला एकदा, एकट्याला गाठून सांगा. आकडा, तारीख, नोंदीचा स्क्रीनशॉट, आणि "घाई नाही, फक्त माहीत असावं." चहाच्या वेळी चारचौघांत विषय काढला की तो तगादा वाटतो.

कायद्यात वारसाची जबाबदारी, जेवढी मालमत्ता त्याच्या वाट्याला आली तेवढ्यापुरतीच असते. वहिनींच्या स्वतःच्या कमाईवर तुमचा दावा नाही. अशा उसनवारीची मुदत साधारणतः पैसे दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षं. मुदत संपण्यापूर्वी त्यांनी सहीनिशी लेखी मान्य केलं तर ती नव्याने मोजतात. पुढे काय करायचं ते मात्र त्या घराची परिस्थिती बघून ठरवा. मुलांची फी थकलेली असताना साठ हजार वसूल करून घरी आलेल्या माणसाला झोप लागलेली आम्ही फारशी पाहिली नाही.

उलट, तुम्हीच त्याचं देणं लागत असाल तर आपण होऊन सांगा, आणि रोख नको, बँकेतून द्या. त्या घरी याहून मोठं सांत्वन दुसरं नसेल.

प्रश्न : नववीतल्या मुलाचा वर्गमित्र बायपासवर स्कूटरच्या अपघातात गेला. मुलगा रडला नाही. गेम खेळतो, हसतोसुद्धा. अपघाताचा व्हिडिओ मात्र पुन्हा पुन्हा बघतो. — महालक्ष्मी नगर

हसण्याची काळजी करू नका, व्हिडिओची करा. या वयात दुःख सलग चालत नाही. दहा मिनिटं येतं, मग गेम, मग पुन्हा येतं. व्हिडिओने मात्र शेवटचं दृश्य डोळ्यांत पक्कं बसतं आणि मित्राची बाकीची आठवण त्याखाली दबते. हिसकावून घेऊ नका. "आपण दोघं मिळून डिलीट करूया" म्हणा आणि ग्रुपचं ऑटो-डाउनलोड बंद करा.

उठावण्याला यायचंय का ते त्यालाच विचारा. येणार असेल तर तिथे काय दिसेल ते आधी सांगा: फोटोला हार असेल, काकू मोठ्याने रडतील, आपण वीस मिनिटं बसू आणि निघू. वर्गातला मित्राचा बाक दुसऱ्याच दिवशी हलवू नये, मुलांना विचारून ठरवावं, हे वर्गशिक्षकांच्या कानावर घाला.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांनंतरही बिघडलेलं असेल, तो आपल्या वस्तू वाटायला लागला किंवा "मीच असायला हवा होतो" म्हणाला, तर सरळ विचारा, "तुला मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं किंवा आलंच नाही, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वर दिलेला 14416 मुलांसाठीही आहे.

आणि नववीतल्या मुलाच्या हाती आपल्या घरची स्कूटर असेल तर किल्ली आजच काढून घ्या. परवाना नसताना कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही.

प्रश्न : वय 72. नेहरू पार्कात अठरा वर्षं आम्ही दोघं फिरायचो. तो गेल्यापासून त्या बाकापाशी पाय अडखळतात. फिरणं सोडलंय. — पलासिया

फिरणं सोडू नका, बाक सोडा. पंधरा-वीस दिवस वेळ अर्ध्या तासाने पुढे घ्या आणि उलट्या बाजूने फेरी मारा. मग एक दिवस मुलाला किंवा नातवाला सोबत घेऊन त्याच बाकावर पाच मिनिटं बसा. पहिल्यांदा एकट्याने बसायला जाऊ नका.

व्हॉट्सॲपवर त्याचे आवाजातले निरोप असतील तर नातवाला आजच कामाला लावा. त्या चॅटच्या मेनूत "एक्स्पोर्ट चॅट" असतं, ते मीडियासकट स्वतःच्या मेलवर पाठवून पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं. बॅकअप नसताना फोन बदलला की हे निरोप कायमचे जातात, आणि दिवाळीत कोणीतरी नवा फोन घेऊन देतंच. एक प्रत त्याच्या मुलाकडे पोचवा. "अरे निघालास का, मी गेटपाशी उभा आहे" एवढंच त्यात असलं तरी चालेल.